टाकीतली उगवती

तळोद्यातल्या माझ्या दवाखान्यात समुद्री माशांची आणि प्रवाळांची मोठी काचेची टाकी आहे. तिच्यावरचे दिवे जळाले, प्रवाळ मिटून बसले. तेव्हा लग्नमांडवात रोषणाई करणारा एक वायरमन आला. स्टुलावर चढला, ओठांत धरलेले स्क्रू काढून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, उगवती कोनीकडे शे?"

पंधरा वर्षं तिथे बसतोय, पण मला खिडकीतून डोकावून बघावं लागलं.

"मंग पहिला दिवा तठेच. समुद्रना मासा शेतस, दिशा भुली जातीन."

उगवतीचा दिवा आधी लागला. अर्ध्या तासात प्रवाळ फुलले. काचेला नाक लावून तो खदखदून हसला, "उठा रे भो, दिन उगना!"

हल्ली रोज सकाळी पेशंटांदेखत हे मीच म्हणतो.