भिंतीवरून गेलेला घेवडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पाठच्या बहिणीला न्हाई. तुम्हाला सांगते — पण आधी मला घेवड्याबद्दल बोलू द्या, त्याशिवाय ते माझ्या तोंडातून निघायचंच न्हाई!

फरसबी म्हणा, श्रावणघेवडा म्हणा, आम्ही आपलं नुसतं घेवडा म्हणतो. बदनापुरात आमचं घर, घरामागं जराशी मोकळी जागा, आणि तिथं माझा सगळा जीव. घेवडा दोन परीचा असतो बघा. बुटका गुडघ्याएवढाच वाढतो. काठी नको, आधार नको, कुंडीत लावला तरी येतो. जल्दी येतो, पण सगळ्या शेंगा एकदम देऊन मोकळा होतो. आणि वेलाचा — अगं बाई, त्याची ऐटच न्यारी! उशीर लावतो, नखरे करतो, मांडव मागतो. पण एकदा चढला की तुम्ही तोडत राहा, तो देत राहतो. घाई असंल तर बुटका लावा, हौस असंल तर वेल. मला विचाराल तर दोन्ही लावा! बघा, किती खुशीत बोलून राह्यले मी. चोर बी चोरीच्या मालाबद्दल असंच बोलत असंल का?

आमच्या शेजारी रशिदाभाबी राहतात. मधे एकच भिंत. त्यांच्याकडं वेलाचा घेवडा होता, त्यांच्या अम्मीनं कुंभार पिंपळगावच्या माहेरातून दिलेला. अम्मी गेल्या, बी राह्यलं. हिरव्या शेंगेवर जांभळी रेघ, मोडली तर एक शीर निघायची न्हाई, आणि भाजी अशी की गल्लीतल्या बाया वाटी घेऊन उभ्या! बी मात्र भाबी कोणाला देत नव्हत्या. मला दिलं. का? तर बियाणं दोन घरी ठेवायचं असतं. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरचं कामाला येतं. "अमानत हाय दिदी, लावायचं न्हाई, जपायचं," म्हणाल्या. मी ते राखेत घोळून डब्यात ठेवलं.

आता खरं सांगू? मला त्या वेलाचा हेवा होता. माझ्याकडं सगळा दुकानातला बुटका घेवडा, आणि भिंतीपलीकडं तो हिरवागार मांडव. माझ्या भाजीला कोणी नाव ठेवत नव्हतं — पण कोणी वाटी घेऊन बी येत नव्हतं ना!

एका साली भाबी लेकीच्या बाळंतपणाला गेल्त्या. परत येऊन बघतात तर बियाला कीड लागलेली, डब्यात नुसता भुसा. मंग आल्या माझ्याकडं. रडत न्हाई, हसत! कशाला रडतील? बी माझ्याकडं बराबर होतं की.

मी आत गेले. फळीवर दोन डबे. दोन्हीतलं बी ठिपक्यांचं, बघणाऱ्याला सारखंच दिसंल असं. हात कुठं जातोय ते मला माहीत होतं. चुकून न्हाई — चुकून झालं असं मी स्वतःलासुद्धा कधी सांगू शकले न्हाई. मी त्यांना बुटक्याचं बी दिलं.

पोळा झाल्यावर त्यांनी ते टोकलं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रोवल्या, सुतळ्या बांधल्या, मांडव तयार! आणि घेवडा गुडघ्याएवढा होऊन तिथंच फुलला. वर रिकामा मांडव, खाली बुटकी झाडं. बाया हसल्या, "भाबी, नजर लागली का काय?" भाबी म्हणाल्या, "अम्मीचं बी माझ्याच हातानं बिघडलं." हे मी भिंतीअलीकडून ऐकलं.

आणि मी काय करत होते तेव्हा? माझ्या मोरीच्या कडेला, त्याच भिंतीला लागून, खरा वेल लावला होता मी! काय वाढत होता म्हणून सांगू! सकाळी उठले की आधी तिकडं पळायचे. वेल भिंतीवर डोकं काढायला लागला की शेंडा खुडायचे. एक शेंडा खुडला की दोन फुटायचे! कोणाला दाखवायची सोय न्हाई, चार शेंगांचा वानोळा द्यायची सोय न्हाई — तरी मला आनंद व्हायचा. लाज वाटते सांगायला, पण आनंदच व्हायचा.

मंग मी बहिणीकडं जालन्याला लग्नाला गेले. परत आले तर वेल भिंतीवरून पलीकडं उतरलेला. पाटावर चढून पलीकडं वाकून बघितलं. पलीकडं कोणीतरी त्याला सुतळी बांधून दिली होती, नीट चढावा म्हणून.

संध्याकाळी भिंतीवरून वाटी आली. शिगोशीग कोवळ्या शेंगा, प्रत्येक शेंगेवर जांभळी रेघ. ती रेघ ओळखायला भाबींना चष्मा लागत न्हाई. "तुमच्या वेलाच्या शेंगा आमच्याकडं उतरल्या दिदी," त्या म्हणाल्या. "तुमचा हक हाय."

त्यांनी रोजच्यासारखंच माझ्याकडं बघितलं. मी वाटी घेतली.

आपल्यात शेजारची वाटी रिकामी परत देत न्हाईत. शेंगा मी ताटात ओतल्या. बियाचा डबा समोरच्या फळीवर होता, हात पोचंल असा. त्यात अम्मीचं बी अजून शिल्लक होतं.

मी वाटीत साखर घातली आणि परत दिली.