चार जिवांचा मायावी

माझ्या मायावीला चारच जीव होते आणि दादाच्या लढवय्याला बारा. हे दादा मला उठता-बसता ऐकवायचा. त्याची अटही ठरलेली होती. माझं पात्र मेलं की मी खेळातून बाद, आणि पुन्हा पहिल्यासारखं उंबऱ्यात बसून तिघांना चहा करून द्यायचा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. शेवगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे पडवी. वडील, म्हणजे आमचे अण्णा, बॉयलरवर होते. मी दहावीत होते. दादा तीनच वर्षांनी मोठा, पण वागायचा असा, जणू त्यानंच माझं नाव शाळेत घातलं होतं.

खेळ आणला तो कॉलनीतल्याच एकानं. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि दोन वर्षांत 'न्हाई'चं 'नाही' करून आला, म्हणून आम्ही त्याला पुणेकर म्हणायचो. होस्टेलवर कुणाकडून तरी त्यानं एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळवली होती. पानं काळपट, काहींवर झेरॉक्सवाल्याचा अंगठाही छापलेला. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, की समोर दरी आहे, पलीकडे राक्षस आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फाशावर. प्रत्येक पात्राला मोजके जीव, घाव बसला की ते कमी होत जायचे आणि संपले की पात्र मेलं. पुस्तकातला फासा वीस बाजूंचा होता. तो शेवगावात कुठून मिळणार? मग एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून अण्णांच्या जुन्या जेवणाच्या डब्यात टाकल्या आणि डबा हलवून एक उचलायची, असं ठरलं.

गणपतीच्या सुट्टीत ते तिघंच खेळले. गोष्ट सांगणारा पुणेकर, लढवय्या दादा आणि तिसरा एक आमच्याच नगर जिल्ह्यातल्या, डोंगराकडच्या अकोले गावचा मुलगा. तो मामाकडे राहून आयटीआय करत होता. तो अकोलेकर. दिवसभरात पाच वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन जेवणाविषयी असायची. मी उंबऱ्यात बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी लढवय्या एका पुलावर अडला तेव्हा मी न राहवून म्हणाले, "पुलावर जायचंच कशाला, खालून पाणी किती आहे ते आधी बघा की." पुणेकरानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "हिला घ्या रे खेळायला." दादाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. अट त्यानं तिथेच घातली.

दिवाळीला पुणेकर परत येणार होता. तोवर मला पात्र ठरवायचं होतं. त्यानं जाताना चार पानं माझ्याकडे ठेवली. मी शब्दकोश घेऊन बसले. लढवय्या मला नकोच होता, घरात एक पुरे होता. वैद्य नको. चोर तर आईनं ऐकलं असतं तरी खेळ बंद झाला असता. शेवटच्या पानावर मायावी सापडला. तो काहीच खरं करत नाही. नसलेलं दाखवतो, नसलेलं ऐकवतो. समोरच्याचा विश्वास बसला तर जादू लागू, शंका आली तर चिठ्ठी काढायची, आणि चिठ्ठी उलटी पडली की सगळं हवेत. मला तो वाचताक्षणी आवडला. खरं सांगते, मला कुणाला मारायचं नव्हतं. मी सांगितलेलं एकदा तरी कुणाला खरं वाटावं, एवढीच हौस होती. आमच्या घरात मी 'ताप आलाय' म्हटलं तरी दादा कपाळाला हात लावून बघायचा.

विज्ञानाच्या प्रयोगवहीची मागची पानं कोरी होती, तिथं आखणी सुरू झाली. पात्राच्या प्रत्येक गुणाला आकडा द्यायचा होता. अक्कल सोळा घेतली. दादानं मागून डोकावून म्हटलं, "कागदावर तरी येऊ दे." अक्कल वाढवायची तर दुसरं काहीतरी कमी करावं लागे. मी बळ सहावर आणलं.

"सा बळात घागर तरी उचलंल का तुझा गारुडी?"

"रोज नळावरून भरून मीच आणते. तू कधी उचलून बघितलीस?"

त्यावर त्याला कारखान्याकडे काहीतरी काम आठवलं.

मंत्र दोनच मिळत होते, एक आवाजाचा आणि एक देखाव्याचा, आणि प्रत्येक दिवसातून एकदाच. सगळी भिस्त त्या दोन्हींवर. पहिल्या आठवड्यात मी आग ओकणारा पाच तोंडांचा नाग लिहिला. दुसऱ्यात हजार घोडेस्वार. तिसऱ्यात तोच नाग घोडेस्वारांच्या पुढे लावला. इतिहासाचा गृहपाठ तसाच राहिला आणि बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभ्या उभ्या मी नागाला दोन तोंडं वाढवली.

वही दाखवायला माणूस हवा होता. दादाला दाखवणं म्हणजे आपल्या हातानं काठी देणं. म्हणून अकोलेकराला दाखवली. तो मामाच्या पडवीत सायकलचं पंक्चर काढत होता. हात पुसून त्यानं पानं वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि पुन्हा पहिलं पान उघडलं. मला वाटलं, भारावला.

"लई हाय," तो म्हणाला. "पाखरू बी भेनार न्हाई."

"का?"

मग तो त्याच्या मानानं भाषणच म्हणावं इतकं बोलला. "आमच्याकडं भातात बुजगावनं लावत्यात. शेजाऱ्यानं भारी केलं हुतं, मडक्यावर डोळं, मिशा, समदं. तिसऱ्या दिवशी चिमन्या त्याच्या डोक्यावर बसल्या. माज्या आज्ज्यानं दोन काठ्यांवर निस्ता सवताचा जुना सदरा घातला. पाखरू फिरकलं न्हाई."

"सदऱ्याला काय घाबरायचं?"

"त्योच सदरा घालून आजा रोज गोफन मारायचा. पाखरं सदरा वळखीत हुती. ज्ये रोज बघितलंय त्येच खरं वाटतंय. अन् आजा रोज जागा बदलायचा त्याची. तुजा नाग कुनी बघितलाय?"

मला रागच आला. सहा आठवड्यांची मेहनत एका सदऱ्यानं पाडली. घरी येऊन मी नागाची सातही तोंडं खोडली. घोडेस्वार खोडले. मग जे उरलं ते बघून रडू आलं, कारण उरलं काहीच नव्हतं. माझ्या रोजच्या बघण्यातलं असं होतं काय? नळ, कॉलनी, शाळा, उसाच्या गाड्या आणि दिवसातून तीनदा वाजणारा कारखान्याचा भोंगा.

दिवाळीला पुणेकर आला. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. अण्णांना रात्री बारा ते सकाळी आठ अशी रात्रपाळी होती, त्यामुळे दिवसा आतल्या खोलीत खिडकीला गोधडी लावून ते झोपायचे. आई भावाला ओवाळायला माहेरी गेलेली. आम्ही पडवीत, हळू बोलायच्या बोलीवर. दुपारचे तीन वाजले असतील.

गोष्ट अशी होती की किल्ल्यात आमचा एक माणूस कैद आहे आणि दारावर दोन पहारेकरी आहेत. दादानं नेहमीप्रमाणे काही न विचारता तलवार उपसली. चिठ्ठ्या वाईट पडल्या. दहा मिनिटांत लढवय्याचे बारा जीव दोनावर आले आणि तो खंदकाच्या काठावर पडला. अकोलेकर झाडावर चढला आणि "मी हितंच बसतो" म्हणाला. पहारेकरी आता माझ्याकडे वळले. एका घावाला पाच जीव जात होते आणि माझ्याकडे चार.

"चला," दादा कण्हायच्या सुरात म्हणाला. त्याचं कण्हणंही चिडवण्यासारखं होतं. "चहाचं आधन ठिव."

मी उठले, आतून रिकामी घागर आणली आणि मांडीवर घेतली.

"मी आवाजाचा मंत्र टाकते," मी म्हणाले. घागरीच्या तोंडाला तोंड लावून मी छाती भरून घेतली आणि भोंगा वाजवला. आधी बारीक, मग चढत गेलेला, मग लांबच लांब. दोन आठवडे मी नळावर हाच सराव केला होता. बायका मला वेडी म्हणायला लागल्या होत्या.

पुणेकराचा जन्म याच कॉलनीतला. त्याची मान आपोआप वर झाली आणि दोन वर्षांचं पुणं क्षणात उतरलं. "सुटली शिफ्ट!" तो म्हणाला. "दोगंबी भाले ठिवत्यात अन् घरला निघत्यात."

"अय्!" जखमी लढवय्या ताडकन उठून बसला. "किल्ल्याला कुठला आला भोंगा?"

पुणेकर भानावर आला. त्यानं झेरॉक्सची पानं चाळली. किल्ल्याला भोंगा असतो असं कुठेच नव्हतं. दादा म्हणत होता की हे धरायचं नाही. मी म्हणत होते की तोंडातून गेलं ते गेलं. आवाज वाढले आणि एवढ्यात आतलं दार उघडलं.

अण्णा उभे होते. अंगात सदरा उलटा, गळ्यात मफलर, डाव्या हातात रात्रीसाठी घासून ठेवलेला रिकामा डबा. "बाराचा झाला ना?" एवढं म्हणून ते पडवीत आले आणि उन्हात डोळे बारीक करून उभे राहिले. आपण दुपारी उभे आहोत हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

कुणी हसलं नाही. म्हणजे हसू सगळ्यांना आलं होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर बॉयलरपुढे उभा राहिलेला माणूस मी खोटं सांगून झोपेतून उठवला होता.

"कुनी वाजवला?" अण्णांनी विचारलं.

दादानं आनंदानं माझ्याकडे बोट केलं.

"परत वाजीव."

मी रडवेल्या तोंडानं पुन्हा वाजवला. अण्णांनी मान तिरकी करून ऐकलं, बॉयलरचा आवाज ऐकतात तसं. "सुरवातीला जरा वाफ सांडती त्याची. फुस्स करून. मंग आवाज धरतोय. बाकी हाय बरोबर." आणि खाली बसून म्हणाले, "पन हे चाललंय काय?"

पुणेकरानं सगळं सांगितलं. किल्ला, पहारेकरी, मायावी, चार जीव, दादाची अट. अण्णांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. मला वाटलं आता निकाल माझ्या बाजूनं. त्यांनी मान हलवली.

"न्हाई सुटायचे त्ये. भोंगा झाला म्हनून कुनी जागा सोडतंय व्हय? रिलीव्हर आल्याबिगर?"

कारखान्यात हा नियम देवासारखा होता. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय बॉयलर सोडून हलायचं नाही. पुणेकराला माहीत होतं, दादाला माहीत होतं, मला तर जन्मापासून माहीत होतं. मागच्या दिवाळीत तर रिलीव्हर आला नाही म्हणून अण्णा सकाळचे संध्याकाळी आले होते. आणि नेमकं तेच मी विसरले.

"मंग पहारेकरी जागेवरच," दादा म्हणाला. "अन् हिच्यावर वार."

पुणेकरानं डबा उचलला. चिठ्ठ्या हलल्या. तेवढ्यात मला अकोलेकराच्या आज्ज्याचा सदरा आठवला.

"थांब," मी म्हणाले. "माझा देखाव्याचा मंत्र शिल्लक आहे. रिलीव्हर येतोय."

"कसा?" पुणेकर म्हणाला. "नीट सांग. पटलं नाही तर चिठ्ठी काढणार."

मी खाली बघूनच बोलले. "वळणावरून येतोय. उजवा पाय जरा ओढत, कारण गुडघा धरलाय. डावा खांदा खाली, त्या हातात डबा आहे. मफलर एकदाच गुंडाळलाय, दुसरं टोक मागे लोंबतंय. दिसायच्या आधी खाकरतो, म्हणजे जागेवरच्या माणसाला कळतं की हा आला. आल्या आल्या काही बोलत नाही. आधी आगीकडे बघतो, मग माणसाकडे. मग म्हणतो, जा, मी हाय."

झाडावर बसलेला अकोलेकरसुद्धा पुढे वाकला होता, म्हणजे तो भिंतीला टेकून बसला होता तिथून. पुणेकरानं डबा हळूच खाली ठेवला.

"चिठ्ठी नको," तो म्हणाला. "गेले पहारेकरी. दार उघडं आहे."

मी वर बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते आपला उजवा गुडघा बघत होते. मग त्यांनी मफलरचं मागचं टोक पुढे घेतलं, थोडा वेळ हातात धरलं आणि पुन्हा मागे टाकलं.

"मी असा चालतो व्हय?" ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांना एकटं यायला लागू नये म्हणून मी सकाळी आठच्या भोंग्याला खिडकीत उभी राहून वळणापासून त्यांना बघत असायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

अण्णा खाकरले. "चहा कोन करतंय?"

सवयीनं तिघांनीही माझ्याकडे बघितलं. माझी वही मांडीवर उघडी होती आणि घागर बाजूला.

"मी किल्ल्यात शिरलेय," मी म्हणाले.

अण्णांनी दादाकडे बघितलं. "तू कुठं हायेस?"

"भायेर. खंदकावर पडलोय."

"भायेरच हायेस न्हवं?" अण्णा म्हणाले. "मंग ऊठ, टाक चहा."