बुडवायचा की जगवायचा : घोडनदी ते दौंड

लोक हवा पालटायला महाबळेश्वरला जातात. मी आणि नलू शिरूर-दौंडला गेलो ते एका पोराला मारायचं की नाही, हे ठरवायला. पोरगा कागदावरचा होता, त्यामुळे पोलिसांनी लक्ष घालायचं कारण नव्हतं.

गोष्ट नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती आणि तरी सगळे आणेच मोजत होते, त्या काळातली. नलिनी, म्हणजे नलू, माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी पुण्यात एकाच गल्लीत राहायचो आणि दोघींनी मिळून मुलांसाठी मैत्रीवर एक कादंबरी लिहिली होती. पुण्याचा सुधीर सुट्टीत घोड नदीकाठच्या गावात मामाकडे जातो, तिथे त्याची धनगराच्या बाबूशी दोस्ती होते, वगैरे. शेवटच्या प्रकरणापर्यंत आमचं छान चाललं होतं. तिथे नलूने बाबूला पुरात बुडवला. सुधीरला वाचवताना, अर्थातच.

त्या काळी मैत्रीवरची मुलांची पुस्तकं तुम्ही वाचली असतील तर तुम्हाला माहीत असेल. दोन मित्र असतात, एक शहाणा आणि एक गरीब. गरीब असतो तो मरतो. पुरात मरतो, तापात मरतो, साप चावून मरतो, पण मरतो नक्की. मरताना एक लांबलचक वाक्य बोलतो आणि शहाणा मित्र डोळे पुसून पुढे वकील होतो. मला या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. मी म्हटलं, बाबू जगणार. नलू म्हणाली, मग पोरं रडणार कशी? प्रकाशकांना तर रडू हवंच होतं. ते म्हणायचे, "बाई, डोळे ओले झाले की पुस्तक विकलं जातं."

दहा-बारा दिवस आम्ही धड बोललो नाही. शेवटी तोड निघाली ती अशी : शिरूरच्या शाळेत नलूने तिचा शेवट वाचायचा, दौंडच्या शाळेत मी माझा, आणि पोरं ठरवतील. दोन्हीकडचे मास्तर ओळखीतले होते. नाही जमलं तर पुस्तक बारगळणार आणि बहुधा आमची मैत्रीही, हे दोघींना ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही.

जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना : शिवाजीनगरहून सकाळची एस.टी. धरा आणि उजव्या बाजूला बसू नका, शिक्रापूरपर्यंत ऊन तोंडावर येतं. नलूला निसर्ग बघायचा होता म्हणून आम्ही उजवीकडेच बसलो. निसर्ग म्हणजे धूळ, बाभळी आणि ज्वारी. शिक्रापूरला गाडी थांबली तेव्हा मिळालेला चहा इतका गोड होता की चमचा उभा राहिला असता. भजी मात्र गरम होती, तेवढी खा.

रांजणगाव मागे पडलं आणि कंडक्टर ओरडायला लागला, "चला, घोडनदी! घोडनदीवाले पुढं या!" नलूच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, आम्हाला शिरूरला जायचंय! ही गाडी शिरूरला जात नाही का?"

शेजारच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. कंडक्टर म्हणाला, "बाई, शिरूर पाटीवर हाय. उतरायचं घोडनदीलाच." दोन्ही एकच गाव. घोड नदीवर अख्खी कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेला हे माहीत नसावं! मी खिडकीबाहेर बघत पुरेशा मोठ्याने हसले.

नदी बघायला गेलो. थंडीचे दिवस, पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. दोन म्हशी निवांत डुंबत होत्या. पाणी त्यांच्या पोटाला जेमतेम लागत होतं. "आता यात बुडव त्याला," मी म्हटलं. नलू म्हणाली, "पावसाळ्यात बघ." बस, एवढंच संभाषण. बाजारपेठेतल्या खाणावळीत बारा आण्यांत ताट मिळालं. भाकरी, पिठलं आणि ठेचा. पिठलं अप्रतिम होतं, पण जेवताना समोर फुगलेलं तोंड असलं की चव कळत नाही. एकट्याने जा.

दुपारी शाळेत गेलो. हेडमास्तरांनी आमची ओळख "पुण्याच्या थोर विदुषी" अशी करून दिली, तेव्हा चौथीची पोरं आमच्याकडे म्हशींसारखी शांतपणे बघत होती. नलू वाचायला लागली. ती वाचते सुंदर, हे कबूल करते. पूर आला, सुधीर वाहून चालला, बाबूने उडी टाकली. पोरं पुढे सरकून बसली. मग ते वाक्य आलं.

या वाक्यावरून आमचं आधीच एकदा वाजलं होतं. नलूला कुणीतरी सांगितलं होतं की खेड्यात दोस्ताला "गडी" म्हणतात, म्हणून तिने मित्र खोडून सगळीकडे गडी केला होता. मी म्हटलं होतं, आमच्या पेठेत गडी म्हणजे भांडी घासणारा, वाचणाऱ्यांना वाटेल सुधीरचा नोकर वारला. तिने ऐकलं नाही. आता ती आवाज कापरा करून वाचत होती, "लोंढा ओसरला. काठावर सुधीर एकटाच उभा होता. त्याचा गडी मेला होता."

नलूने चष्मा काढला. मी मनात म्हटलं, संपलं, आता रडारड.

पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. हमीदा तिचं नाव, बाप तिथेच बाजारात फळं विकायचा. म्हणाली, "मंग?"

"मग काही नाही बाळ, गोष्ट संपली," नलू म्हणाली.

"संपली कशी? आजून एकच गडी मेलाय."

"हमीदा, खाली बस," हेडमास्तर म्हणाले.

"न्हाई गुर्जी, सुधीर हाय ना आजून? त्यानं दुसऱ्या बाजूचा एक मारला की ह्यो जिता व्हतो."

आणि सगळा वर्ग बोलत सुटला. मला क्षणभर काही कळेना, मग लख्ख उजेड पडला. हुतूतू! तिथल्या पोरांच्या भाषेत गडी म्हणजे आपल्या बाजूचा खेळाडू. गडी मेला म्हणजे बाद झाला. तो बाजूला बसतो, आणि आपल्यातल्या कुणी पलीकडचा एक टिपला की हा पुन्हा आत येतो. चाळीस पोरं आता सुधीरने कुणाला मारावं यावर हमरीतुमरीवर आली होती. एक म्हणत होता मामाला मारावं, कारण मामा पहिल्यापासून खडूस आहे. (मामाचं पात्र माझं होतं.)

नलू अगदी कळवळून म्हणाली, "अरे, तो खराच मेला रे. नदीत बुडून."

हमीदाने विचार केला. "मंग त्याला गडी कशापायी म्हन्ता?" तिने विचारलं. "गडी मेला तर वाट बघत बसतो की."

मी हसले. तोंडावर रुमाल धरून, पण हसले. दहा-बारा दिवसांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. नलूचा पूर, नलूचे अश्रू, सगळं चौथीतल्या एका पोरीने चुटकीसरशी उडवून लावलं होतं. संध्याकाळी हेडमास्तरांनी मळ्यात हुरड्याला नेलं. हुरडा कोवळा होता, बरोबर शेंगदाण्याची चटणी होती, आणि त्या दिवसांत गेलात तर कुणीतरी तुम्हाला बोलावेलच, नाही म्हणू नका. मी पोटभर खाल्ला आणि दर मुठीला "गडी जिता झाला का गं?" असं विचारलं. नलू फक्त म्हणाली, "दौंड बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून दौंडची बस धरली. या रस्त्याबद्दल काही चांगलं लिहावं अशी माझी फार इच्छा आहे. बसच्या टपावर कोंबड्यांच्या पाट्या होत्या आणि आत आम्ही होतो. उतरल्यावर कोंबड्या आमच्यापेक्षा ताज्या दिसत होत्या.

दौंड म्हणजे स्टेशन, आणि स्टेशनाला चिकटलेली थोडी वस्ती. इंजिनांचा धूर, कोळशाची भुकटी, रेल्वेच्या चाळींच्या सारख्या रांगा. बघण्यासारखं काही नाही. मात्र स्टेशनवरचा बटाटेवडा खा, आणि पांढरे कपडे घालून जाऊ नका. नलूने पांढरं पातळ नेसलं होतं.

शाळेत बहुतेक रेल्वेवाल्यांची पोरं. सगळ्या मुलखातली, पण बोलणं इथलंच. मी माझा शेवट वाचला. बाबू पुरातून सुखरूप बाहेर येतो, सुट्टी संपते, सुधीर पुण्याला परततो, आणि दोघे जन्मभर एकमेकांना पत्रं लिहितात. साधा, खरा शेवट, एक थेंब पाणी न काढणारा. मी वाचून वर बघितलं. पोरं जांभया देत नव्हती, त्याहून वाईट, ती एकमेकांकडे बघून हसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

एक गार्डाचा मुलगा उठला. "बाई, ह्ये खोटं हाय."

"काय खोटं आहे?"

"पत्राचं. आमच्या चाळीतनं दर साली कुनी ना कुनी बदलीवर जातं. जाताना लई रडत्यात. पयलं एक कार्ड येतं. मंग न्हाई येत."

"व्हय," मागून चार-पाच जण म्हणाले. कुणाच्या तोंडावर दुःख नव्हतं, हे मला फार लागलं. जणू मी त्यांना गाडी रुळाशिवाय चालते असं सांगितलं होतं.

मागच्या बाकावरून नलू उठली. "काही जण लिहितात," ती म्हणाली. "अगदी शेवटपर्यंत लिहितात. बाईंनी त्यांचीच गोष्ट सांगितली."

पोराने तिला नीट न्याहाळलं. "तुमी दोघी लिवता का?"

"आम्ही एकाच गल्लीत राहतो."

"मंग तुमाला काय म्हाईत?"

बाहेर आल्यावर मला त्या पोरापेक्षा नलूचाच राग आला. तिने हसायला हवं होतं. माझ्यासारखं रुमाल धरून का होईना. माझी बाजू घ्यायला तिला कुणी सांगितलं होतं?

पुण्याची पॅसेंजर उशिरा येणार होती. ती तशीच येते, हातात काम ठेवा. फलाटावर चहा घेताना मी ठरवून टाकलं. म्हटलं, "नले, मी कंटाळले. तुझाच शेवट ठेव. बुडव त्याला. पण माझं नाव काढून टाक."

"काढू?"

"काढ."

ती गाडीत कोपऱ्यात बसून पातळावरचा कोळसा झटकत राहिली, त्यामुळे तो आणखी पसरला. पाटस गेलं, केडगाव गेलं, यवत गेलं. पुणे आलं तेव्हा आम्ही वेगवेगळ्या टांग्यांनी घरी गेलो, एकाच गल्लीत.

पुढचे दिवस मी फार कामात असल्याचं दाखवलं. मला वाईट वाटत होतं, खूपच. पुस्तकाचं नव्हे. सकाळी तिच्या खिडकीकडे न बघता दूध घ्यायचं म्हणजे मान दुखून येते.

त्या आठवड्यात एका दुपारी ती आली. कादंबरीचं बाड हातात होतं. म्हटलं, "प्रकाशकांकडे नाही गेलीस?"

"गेले होते. शेवट फार आवडला त्यांना. पुराचं चित्र काढायला माणूससुद्धा ठरवला."

"मग परत का आणलंस?"

"मी म्हटलं, सुशीलाचं नाव काढा म्हणते ती. तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही का म्हणून. पेन उचललं आणि तुझ्या नावावर काट मारली." तिने पहिलं पान माझ्यासमोर धरलं. शाई चांगली दाबून ओढली होती. "मी उठले, बाड उचललं आणि आले."

"अगं, पण मीच सांगितलं होतं ना काढायला?"

"तू सांगितलं होतंस," नलू म्हणाली. तिचा आवाज खरोखर चढला होता, वाचताना कधी चढला नव्हता असा. "तो कोण काढणारा?"

मी चहा टाकला.

तर शिरूर-दौंडला जावं का? पिठल्यासाठी आणि हुरड्यासाठी जा. परतीला पॅसेंजरच धरा, बसच्या नादी लागू नका. मैत्रीवरचं पुस्तक लिहायला मात्र जाऊ नका. आमचं निघालंच नाही. पुढेही आम्ही दोघींनी मैत्रीवर एक ओळ लिहिली नाही. वेळच मिळाला नाही, रोज संध्याकाळी भांडायला भेटत होतो.