अकरा नंबरचा खो

नव्या चामड्याचा वास आला की नव्वदच्या दशकातला बहारीनचा एक शुक्रवार आठवतो. अरादजवळच्या वाळूच्या मैदानावर, दमट वाऱ्यात, गेलिक फुटबॉलचा सामना होता. हा आयर्लंडचा खेळ हातांनीही खेळतात आणि पायांनीही. संघ आयरिश नर्सेसचा होता. एक जण कमी पडली म्हणून त्यांच्याच हॉस्पिटलच्या अकाउंट्समधली मी उतरले. जागा मिळाली अकरा नंबरची, म्हणजे आघाडीच्या मधोमध. पूर्वार्धात तो नवाकोरा चामडी चेंडू हातात आला की मी सरळ गोलकडे पळायचे आणि तिघी मला घेरायच्या. मध्यंतरात कॅप्टन म्हणाली, "गोल करणं तुझं काम नाही. चेंडू घे, वर बघ, धावत येईल तिला दे. जमत नसेल तर तुला मागे पाठवून या जागी दुसरीला उभी करते." कडेला सगळ्यांसाठीच्या संत्र्यांची पिशवी घेऊन बसलेला नवरा म्हणाला, "झाली ना हौस फिटून? खलास, चल घरी." "तू संत्री सोल," म्हणत मी बुटाची नाडी आवळली. शाळेत मी खो-खो खेळले होते. पुढचीला पळवायचं आणि आपण बसायचं, हे मला नवं नव्हतं. उत्तरार्धात चेंडू घेतला आणि गोलकडे पाठ करून थांबले. बाजूने कॅप्टन वेगात आली, मी चेंडू मुठीने तिच्याकडे ढकलला आणि सवयीने ओरडले, "खो!" तिने तो गोलच्या आडव्या दांडीवरून मारला; या खेळात त्याचाही एक पॉइंट असतो, तो मिळाला. पुढच्या वेळी तीच लांबून "खो, खो" ओरडत आली. सामन्यानंतर मी जर्सी परत द्यायला गेले, तर म्हणाली, "धुऊन पुढच्या शुक्रवारी घालून ये." आजही ऑफिसात काम वाटताना मी आधी वर बघते, कोण धावत येतंय.