चुलीकडची जागा

पंचावन्न वर्षांत सुनदोकच्या सासूबाईंना एकदाही जमीन पुरेशी गरम लागली नव्हती. गांगवॉनच्या डोंगरातल्या त्या जुन्या घरात चुलीची धग जमिनीखालून खेळायची. चुलीकडची उबदार जागा सासूबाईंची; सुनदोक पार पलीकडच्या, धुराड्याकडच्या गार टोकाला निजायची. तरी कुरकुर सासूबाईंचीच. तुझं रक्त तरुण, तुला काय कळणार थंडी, असं त्या म्हणायच्या, आणि सुनेनं सत्तरी ओलांडली तरी ते रक्त तरुणच राहिलं. सूनही काही कमी नव्हती. गार टोकाला निजून आपण कधी शिंकलोसुद्धा नाही, हे ती गावभर मिरवायची.

या उन्हाळ्यात सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. चौऱ्याण्णव वर्षांची बाई तगली हेच नवल. थंडीच्या तोंडावर डॉक्टर शनिवारी घरी सोडायला तयार झाले, पण खोली उबदार हवी. नाहीतर सगळा हिवाळा शहरातल्या शुश्रूषागृहात. आणि बुधवारी सुनदोकनं चूल पेटवून पाहिली, तर जो धूर जमिनीखालच्या चरांतून निमूट धुराड्याकडे जायचा, तो भेगाभेगांतून खोलीत यायला लागला.

मानसोकला बोलावणं गेलं. असे चर बांधणारा पंचक्रोशीत आता तो एकटाच उरला होता, आणि या घराचे चर त्याच्या बापाच्या हातचे. त्याचे गुडघे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. जमिनीवर अंथरलेला, तेल पाजलेला पिवळा कागद गुंडाळून त्यानं चपटे दगड उचकटले. सुनदोकनं टोपल्याच्या टोपल्या काजळी उपसली. उंदरांनी पोखरलेल्या चरांच्या भिंती बुजवायला तिनंच पेंढा घालून चिखल मळला. तिचं काळं झालेलं तोंड पाहून मानसोक म्हणाला, की सासूबाईंनी अशी पाहिली तर परत दवाखान्यात जातील.

चुलीच्या तोंडाशी आल्यावर मात्र तो थबकला. सासूबाईंच्या अंथरुणाखाली जाणाऱ्या चरात एक दगड उभा होता, अर्धी वाट अडवून. ढासळला असेल, काढून टाका, असं सुनदोक म्हणाली. त्यानं काजळी खरवडली. दगडाच्या दोन्ही अंगांना चिखल व्यवस्थित लिंपलेला होता.

"म्हणजे ते घर हे होय!" मानसोक मांडी घालून बसलाच. त्याचा बाप दोन घोट पोटात गेले की एक गोष्ट सांगायचा, घराचं नाव न घेता. स्वतःच्याच अंथरुणाची ऊब कमी करून मागणारी बाई त्याला जन्मात एकच भेटली होती. नवी सून समुद्राकाठची आहे, तिला इथली थंडी सोसायची नाही, माझी अर्धी आग तिच्याकडे वळव, असं ती म्हणाली होती. सुनेला कळता कामा नये, नाहीतर डोक्यावर मिऱ्या वाटेल.

"वहिनी, तुमच्या टोकाचा चर बघा," तो म्हणाला. "याच्या दुप्पट रुंद आहे."

सुनदोक चिखलाच्या हातांनी तशीच खाली बसली. आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जो काटकपणा ती गावभर मिरवत होती, तो सासूच्या अंथरुणातून काढून दिलेला होता. म्हातारीची कुरकुर अगदी खरी होती; तिला खरोखरच थंडी वाजत होती. मग आपल्यावर कुणी एवढी माया केली आणि आपण मात्र तिला खाष्ट ठरवून मोकळे झालो, असं तिला वाटलं.

मानसोकनं बजावलं, की दगड काढला तर तिचं टोक गारठेल.

"काढा भावजी. सगळी आग तिकडेच जाऊ दे."

शनिवारी दुपारी सासूबाईंना आणून निजवलं. त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला, मग जरा पलीकडे सरकवून पुन्हा ठेवला.

"दगड काढलास वाटतं."

"काढला."

"मूर्ख आहेस. आता तू कुठे निजणार?"

सुनदोकनं आपली गादी ओढत आणली, त्यांच्या गादीला लावली आणि आडवी झाली. दोन दिवस तिनं मनात पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "आई, फार उपकार आहेत तुमचे माझ्यावर."

"पुरे." म्हातारीनं आपल्या दुलईचं टोक उचललं. "पाय आण इकडे. गार पडले असतील."