जावेच्या रक्ताची राखण

आमच्या धामणगाव बढ्यात मिरचीची रोपं घ्यायची तर झुंबरबाईकडूनच, असं सगळे म्हणत. बाई उंच, हाडापेरानं रुंद, आणि आवाज असा की तिनं गल्लीच्या टोकाला कोंबडी हाकलली तरी घरोघरी कळावं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकटा दीर इंद्रभान आणि त्याची बायको सोजरा, एवढाच तिचा संसार. सोजरा या घरात आली तेव्हा तिला धड लुगडं नेसता येत नव्हतं. ते झुंबरबाईनं शिकवलं, भाकरी थापायला शिकवलं, आणि चुकलं की बोलही तिनंच लावले. दुसऱ्या कुणी सोजरेला काही बोललेलं मात्र तिला खपत नसे.

गेल्या वर्षी, अडुसष्ट साली, सोजरेच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली. इंद्रभाननं तिला नागपूरला नेलं. तिथे यंत्राखाली निजवून कमरेवर किरणांचा शेक देत. गावात त्याला आम्ही 'लाईट' म्हणू लागलो. अर्धा शेक झाला आणि तिचं रक्त उतरलं. तिथल्या डॉक्टरांनी शेक थांबवला. म्हणाले, घरी जा, दर आठवड्याला रक्त तपासा, पांढऱ्या पेशी वर आल्या की लगेच परत या. गाठ अर्धीच विरली होती. फार थांबावं तर ती पुन्हा वाढणार, आणि रक्त भरलं नसताना शेक द्यावा तर बाई हातची जाणार. मी शेजारची, रोज देवापुढे दिवा लावताना सोजरेचं नाव घेत होते, शेगावचा अंगारा तिच्या कपाळाला लावून येत होते.

मलकापूरला एका तरुण डॉक्टरांकडे रक्त बघायची दुर्बीण होती. इंद्रभानला कपाशीच्या वेचणीतून सुटता येईना, आणि मला वाचता येतं म्हणून एसटीनं आम्ही तिघी बायकाच जायचो. पहिल्या खेपेला कंपाउंडरनं सोजरेच्या बोटात सुई टोचून काचेच्या नळीत रक्त ओढलं. झुंबरबाई डोळे फाडून बघत होती. परतताना सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं ती मला म्हणाली, "एकीकडून काढून राह्यले, अन् दुसरीकडून म्हणून राह्यले का रक्त कमी हाय. मंग वाढन कसं, माय?" मी समजावलं की ते थेंब-दोन थेंब असतं. तिला ते पटलं नाही.

पुढच्या खेपेला दवाखान्यात गर्दी होती. झुंबरबाईनं आम्हा दोघींना बाहेर लिंबाच्या सावलीत बसवलं आणि सोजरेच्या नावाची नागपूरची चिठ्ठी घेऊन स्वतः आत गेली. बऱ्याच वेळानं पदराखाली हात घेऊन आली. म्हणाली, आज टोचायचं काम नाही, डॉक्टर नुसतं बघणार आहेत. सुईच्या भीतीनं आधीच गळाठलेली सोजरा सुटल्यासारखी झाली.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी आत बोलावलं. चेहरा खुललेला. म्हणाले, रक्त छान भरलंय, नागपूरला चिठ्ठी देतो, उद्याच्याच गाडीनं निघा. सोजरेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथल्या तिथे हात जोडले; न टोचता हे कळलं कसं, हे आनंदात सुचलंच नाही. झुंबरबाईनं मात्र विचारलं की त्या पांढऱ्या रक्ताचं एवढं कौतुक काऊन.

डॉक्टर बोलके होते. लिहिता लिहिता त्यांनी सांगितलं, कमरेच्या हाडांत मगज असतो, रक्त तिथे तयार होतं. त्यात एक असतं रक्ताचं बी. दुसरी असते पेशींची मऊ गादी, जिच्यात ते बी रुजतं, पोसतं. किरणांनी बी पटकन मरतं. गादी चिवट असते. ती शाबूत राहिली तर दुसऱ्या हाडांतलं बी रक्तातून वाहत येतं आणि तिथे पुन्हा धरतं. पण उसंत न देता मारा केला तर गादीच जळते, मग बी येऊनही उपयोग नाही.

"म्हंजे वाफा," झुंबरबाई म्हणाली. "कच्चं शेणखत घातलं का जळते. मंग कितीबी बी टाका."

"अगदी तसंच. यांचा वाफा शाबूत आहे, म्हणून तर इतक्या लवकर रक्त भरलं."

झुंबरबाईनं टेबलावरची ती चिठ्ठी हातानं दाबून धरली.

"डाक्टर सायेब, हे नका धाडू. ते रक्त माह्यं हाय."

पदराखालचं बोट तिनं पुढे केलं. त्यावर कापसाचा बोळा होता.

डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. तो बिचारा सांगू लागला की बाई डोक्यावरून पदर ओढून बसली होती. नाव विचारलं तर चिठ्ठी पुढे केली, मालकाचं नाव विचारलं तर बोलेना. आता आमच्याकडची कोणती बाई नवऱ्याचं नाव घेते? त्यानंच चिठ्ठीवरचं वाचून 'इंद्रभान का?' म्हटलं, आणि हिनं मान हलवली.

"दिराच्या नावाले मान हलवली मी," झुंबरबाई पुटपुटली. "तिचा थेंब वाचवाले गेली, अन् तिलेच घालवत होती."

डॉक्टर चिडले, आणि का चिडू नयेत? पण सोजरेचं रक्त त्यांनी लगेच स्वतः घेतलं. ते अजून खालीच होतं. त्यांनी चिठ्ठी फाडली. थांबायचं, म्हणाले. तोवर ताजं शिजवलेलं अन्न, उकळलेलं पाणी, आणि माणसांची गर्दी अजिबात नको. रक्त कमी असताना साधं पडसंही भोवतं.

झुंबरबाईनं घराच्या दारात बाजेवर बैठक मारली. सोजरेची सख्खी आई नाक पुसत आली, तिला ओट्यावरूनच चहा पाजून परत धाडलं. मी प्रसाद घेऊन गेले तर मला म्हणते, "देव बाहेरूनबी पावते, वहिनी. शिंकल्या व्हत्या तुम्ही सकाळी." दूध, वरण, मेथी तिनं समोर बसून खाऊ घातली. सोजरा कुरकुरली की हिच्याच आवाजानं गाठ पळून जाईल.

पुन्हा मलकापूरला गेलो तेव्हा झुंबरबाईनंच सोजरेचं बोट धरून सुईपुढे नेलं आणि स्वतः डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी या वेळी समोर उभं राहून विचारलं, मालकाचं नाव? खोलीत पुरुषमाणसं होती, थोरली जाऊ शेजारी होती. सोजरेनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि स्पष्ट म्हणाली, "इंद्रभान. अन् मी सोजरा." झुंबरबाईनं डोळे उघडून तिच्याकडे नुसतं पाहिलं.

रक्त वर आलं होतं. पुरतं नाही, पण शेक सोसण्याइतकं. त्यापुढच्या खेपेचंही तसंच निघालं. तेव्हा नागपूरची चिठ्ठी मिळाली, आणि वेचणी टाकून इंद्रभान तिला घेऊन गेला.

होळीच्या आधी शेक पुरा करून ती परतली. गाठ हाताला लागत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पुढचं देवाच्या हाती, पण तपासणी चुकवायची नाही, हेही सांगितलं. अजून जिना चढताना तिला धाप लागते, मध्येच बसावं लागतं. मलकापूरला मात्र ती आता एकटी जाते. काल झुंबरबाई सोबत निघाली, तर सोजरा एसटीच्या पायरीवरून म्हणाली, "तुम्ही रोपाले पाणी द्या, बाई. माह्यं बोट मले हाय."

आणि झुंबरबाई, जिनं उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत हसत उभी होती.