कुरकुरणारं कथील

यमुनाबाई गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमच्या बालवाडीच्या बाई गेल्या. आता गावानं भांडायचं कुनाशी?" पुढे शोकसभेत तीन भाषणं झाली, पण एवढं नेमकं कुणाला जमलं नाही…

दुष्काळात बालवाडीच्या पोरांना दुपारी आंबील मिळायची. ती पिऊन पोरं पोट धरून बसू लागली, फिकी पडली. डॉक्टरांना संशय आला तो पातेल्यांचा. स्वस्तातल्या कल्हईत कथलाबरोबर शिसं मिसळतात, आंबट पदार्थात ते उतरतं, आणि लहान मुलांना ते विषच. बाईंनी त्याच दिवशी ती पातेली पालथी घातली आणि माणसं जमवली. डॉक्टर, कल्हईवाले रशीदभाई, मराठा गल्लीतल्या आणि बौद्धवाड्यातल्या आया, शिवाय रिकामा म्हणून मी. मी म्हटलं, समिती करू, आणि नावही सुचवलं. बाई म्हणाल्या, "समिती म्हनलं की आदी अध्यक्ष लागतो, मग हार. पोरं ऱ्हात्यात तशीच."

रशीदभाईंनी खूण शिकवली. कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की कुरकुरते; शिसं मुकाट वाकतं. झालं! आमच्या आया खर्डा गावच्या बाजारात कथलाच्या दुकानांपुढे उभ्या राहून कांड्या वाकवू लागल्या. दुकानदार हात जोडायचे.

मग एका पुढाऱ्यांनी बालवाडीला नवी पातेली दिली, वर कल्हईचं सामानही. मांडव, माईक, पातेल्यांना हार. भाषण रंगात आलं असताना बाई उठल्या. त्यांनी देणगीतली एक कांडी माईकपाशी धरून वाकवली. काही नाही. मग रशीदभाईंची वाकवली. कुर्रर्र… कर्ण्यातून गावभर.

"बाई, कार्यक्रम चाललाय," पुढारी म्हणाले.

"कार्यक्रम पोरांच्या पोटात हुईल, सायेब. तुमची कांडी मुकी हाय."

आधी आया हसल्या, मग मांडव, शेवटी पुढारीही. सामान बदलून आलं. पुढाऱ्यांच्या पुढच्या सभेत ही युक्ती त्यांचीच होती. बाईंची हरकत नव्हती. पोरं पुन्हा आंबिलीसाठी भांडू लागली होती.

परवा बालवाडीत गेलो. रशीदभाई भाता लावून बसले होते, पण भट्टी थंड. कांडी हातात घेऊन ते बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. इतक्यात पोरांनी कांडी ओढून घेतली. "मी आदी!" "न्हाई, मी!" एका चिमुरडीनं दोन्ही हातांनी जोर लावून कानाशी वाकवली आणि डोळे मोठे केले.

"वरडली!"

रशीदभाईंनी काडी ओढून भट्टीला लावली.